आधी घरची लेकरं

आमच्या मुरुमच्या वस्तीतली माणसं बोधगयेला निघाली, तेव्हा भूतान कुणाच्या डोक्यातही नव्हतं. चौऱ्याऐंशीचं साल. सगळ्यांना गोळा केलं होतं पुतळाबाईंनी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर याच बाईनं बायकांना धीर दिला होता. पुढं दूध संस्था निघाल्यावर दारोदार फिरून लोकांना म्हशी घ्यायला लावल्या त्याही त्यांनीच. मी, व्यंकट, त्या संस्थेचा सचिव. बाई म्हणाल्या, "तुला हिंदी येतंय, चल." मग काय, निघालो.

बोधगयेत सोनम नावाचे एक भूतानी भिक्खू भेटले. आमच्या बायकांशी त्यांचं असं जमलं की परत जाताना म्हणाले, "इतक्या लांब आलात, आता आमचं गाव बघूनच जा."

"थंडी बाधंल," आमच्यातले आबाराव कुरकुरले.

"दुष्काळ बाधला न्हाय, थंडी काय बाधती?" पुतळाबाई म्हणाल्या आणि बोचकं उचललं.

सरहद्दीवर परवान्यासाठी थांबावं लागलं. पुढं बस डोंगर चढू लागली तसे ढग खाली राहिले. निम्मे लोक ओकत होते, निम्मे खिडकीतून बघत होते. भिक्खूंच्या गावात शिरलो, तर लाकडी घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या. आमच्यातल्या धुरपताबाई ओरडल्या, "अगं बाई, ह्यो तर आपलाच मुलूख!"

आम्ही भिक्खूंच्या बहिणीकडं उतरलो. सकाळी तिनं गाय पिळली, दूध घेऊन आत आली आणि आधी लेकरांचे वाडगे भरले. मग म्हाताऱ्यांचे. उरलेलं लोण्यासाठी ठेवलं. पुतळाबाई बारकाईनं बघत होत्या. त्यांनी माझ्याकरवी विचारलं, "डेअरीला किती घालता?"

त्या बाईला प्रश्नच कळेना. भिक्खूंनी समजावल्यावर ती हसली.

"ती म्हणते, घरच्यांचं पोट भरून उरलं तर लोणी बाजारात नेतो," भिक्खू म्हणाले. "आमचे राजे सांगतात, देशात माल किती निघाला यापेक्षा माणसं सुखात आहेत का ते बघा. पण ही म्हणते, एवढं सांगायला राजा कशाला पाहिजे?"

सगळे हसले. पुतळाबाई मात्र उठून बाहेर ओढ्याकाठी जाऊन बसल्या. मी मागोमाग गेलो.

"व्यंकट, माझ्या नातीला कोरा च्या पाजती मी," त्या म्हणाल्या. "दावणीला म्हशी हायेत, अन् सगळं दूध केंद्रावर. ही माणसं काय आपल्यापेक्षा श्रीमंत न्हाईत रे. घरं बघ, कपडे बघ. तरी लेकरांची तोंडं कशी भरल्याली हायेत."

गावी आल्यावर संस्थेच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. "ज्या घरात लहान लेकरू हाय, तिथलं संध्याकाळचं दूध केंद्रावर घ्यायचं न्हाय. ते लेकरांनी प्यायचं."

चेअरमन शिवलिंगप्पा मोठे व्यापारी, माणूस सरळ पण हिशेबी. ते म्हणाले, "पुतळाबाई, दुधाचं संकलन पडंल. आपल्याला जिल्ह्यात पहिलं यायचंय. संस्था नफ्यासाठी असती."

"संस्था आपल्यासाठी असती, अप्पा. लेकरं उपाशी ठिऊन पहिलं येऊन काय करायचं?"

मग बायकांच्या बाजूनं एक हात वर गेला. तो गंगम्मांचा होता, खुद्द चेअरमनच्या पत्नीचा. शिवलिंगप्पा त्यांना कानडीत काहीतरी पुटपुटले. गंगम्मांनी हात खाली घेतला नाही. बघता बघता सगळ्या बायकांचे हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला.

संकलन पडलंच. त्या दिवाळीला बोनस कमी निघाला, काहींनी खासगी गवळ्याकडं दूध वळवलं. पुतळाबाई डगमगल्या नाहीत. संध्याकाळी घरोघर जायच्या, लेकरांच्या ओठांवर साय बघायच्या.

पुढं पुन्हा पाऊस रुसला, वैरण मिळेना, दूध आटलं. आता हा नियम शिवलिंगप्पाच मोडतील असं मला वाटलं. तेवढ्यात एक लेकुरवाळा शेतकरी संध्याकाळची भरलेली कळशी घेऊन केंद्रावर आला. मी माप भरलं.

शिवलिंगप्पा मागून कडाडले, "व्यंकट, वत ते कळशीत मागं!" मग त्या शेतकऱ्याकडं वळले, "घरी लेकरं हायेत का न्हाईत? आधी तिकडं ने."