काउंटसाहेबांचा पाय

“प्लातोनचा कुठला पाय गेला गं, उस्तिन्या? डावा की उजवा? बोल लवकर!”

काउंट अपोलोन वेरेझिन राजवाड्यातून परतले होते. अंगावरचा फरचा कोटही न उतरवता त्यांनी दारातच मला विचारलं. पाय सख्ख्या धाकट्या भावाचा, तुर्कांच्या लढाईत गेलेला. आणि विचारायचं मोलकरणीला!

“डावा, मालक. गुडघ्याखाली.”

“डावा, डावा,” असं पुटपुटत ते जिना चढले. डावा पाय ओढतच चढले.

झालं होतं असं, की मेजवानीत झारनं यांनाच धाकटा भाऊ समजून विचारलं, “पाय कसा आहे, वेरेझिन?” झारची चूक झारला सांगायची कोणी? हे म्हणाले, “कृपा आहे महाराजांची, आता बरा आहे.”

तेव्हापासून हे लंगडतात. मालकीणबाईंनी चांदीच्या मुठीची काठी करून आणली. “अहो, इतकं नका लंगडू,” त्या आरशासमोर शिकवायच्या, “शूर दिसलं पाहिजे, म्हातारं नव्हे.” वर्ष सरायच्या आत काउंटसाहेब दरबारचे मानकरी झाले, त्या मानाची खूण म्हणून कमरेला सोन्याची किल्ली लटकली. आजोबांनी राणीच्या कुत्र्याची पालखी वाहून जहागीर मिळवलेली. नातवाला तेवढीही तोशीस पडली नाही.

ईस्टरला प्लातोन गावाहून आला. लाकडी पाय, विटका लष्करी कोट, हाताशी लेक ग्लाफिरा. पोरीला अधिकाऱ्यांच्या मुलींच्या शाळेत घालायचं होतं. थोरल्या भावानं दरबारात एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं.

मालकीणबाईंनी त्याला खालीच अडवलं.

“आज नको हो, भाऊजी. वर सगळी दरबारची माणसं आहेत. एका घरात दोन-दोन लंगडे बघून काय म्हणतील?”

“दुसरा कोण लंगडा, वहिनी?”

तेवढ्यात एका म्हाताऱ्या राजकन्येला निरोप द्यायला काउंट जिना उतरू लागले. काठी टेकत, पाय ओढत. प्लातोनचा चेहरा उतरला.

“दादा! अरे, पायाला काय झालं तुझ्या?”

राजकन्येनं चष्मा डोळ्यांशी नेला. “हे कोण, काउंट?”

“हा होय?” काउंट हसले. “आमच्या गावचा कारभारी.”

प्लातोन भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याची नजर त्या डाव्या पायावर गेली आणि तिथेच थांबली. त्याला सगळं कळलं, हे मला दिसलं. त्यानं तोंड उघडलं असतं तर सोन्याची किल्ली त्याच दिवशी उतरली असती.

मालकीणबाईंनी चोरून राजकन्येकडे पाहिलं.

प्लातोननं टोपी काढली आणि कारभारी वाकतो तसा कमरेत वाकला.

“येतो, मालक.”

मी धावत मागे गेले. पोरीच्या हातात ईस्टरच्या गोड पावाचा तुकडा कोंबला. दाराबाहेर पायऱ्यांवर वितळलेल्या बर्फाचा चिखल झाला होता.

“बाबा, यातले काका कुठले?” पोरीनं विचारलं.

“काका घरी नव्हते, बाळ,” तो म्हणाला, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागला.