थोरांची करंगळी

आमचे बाबा थोर माणसं घडवायचे. सेनापती, चित्रकार, पुढारी, सुधारक, ज्याचा पुतळा हवा असेल त्याचा. समितीवाले एखादा जुनाट फोटो आणून द्यायचे, त्यात छातीखालचं काही दिसायचं नाही. बाबांचा नियम ठरलेला होता: चेहरा फोटोतला, हात घरातले. घरात रिकामे हात कुणाचेच नव्हते, म्हणून हाक आईलाच जायची.

"अहो, दूध उतू जाईल!"

"जाऊ दे. सेनापती खोळंबलेत."

मग आई हाताला तेल चोळून प्लास्टरमध्ये हात धरून बसायची आणि माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायची. प्लास्टर घट्ट होताना तापायला लागलं की म्हणायची, "सेनापतींना ताप आला गं!"

तिच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झाली होती. बाबांनी ती पुतळ्यात कधी सरळ केली नाही. आळस म्हणा, प्रेम म्हणा. मी दोन्ही म्हणते. त्यामुळे आमच्या शेडमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक थोर माणसाची करंगळी वाकडी. कुणी विचारलंच तर बाबांचं उत्तर तयार असायचं. सेनापतींची? तलवार धरून. चित्रकाराची? कुंचला धरून. एका पुढाऱ्याच्या समितीला तर त्यांनी तोंडावर सांगितलं, "आश्वासनं मोजून!"

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, काम आता मी बघते. आई गेल्या वर्षी गेली. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी एका नेत्याच्या मिशा कोरत होते. म्हटलं, एवढं उरकून निघू. पोचले तोवर तिचे हात चादरीखाली गेले होते. त्या मिशांचा मला अजून संताप येतो.

गेल्या महिन्यात मुलींच्या शाळेतून बोलावणं आलं. शाळा काढणाऱ्या सुधारक बाईंचा पुतळा बाबांनीच केलेला. त्याच्या उजव्या मनगटाला तडा गेला होता. मुख्याध्यापिकांनी नव्यानेच सापडलेला एक फोटो पुढे केला. बाईंचे दोन्ही हात टेबलावर, बोटं सरळसोट.

"हात बदलून द्या. करंगळी वाकडी कशी काय केली होती हो?"

"लिहून लिहून," मी सवयीने म्हणाले.

बाबांचे साचे कधीच फुटले होते. बाकीचे पुतळे कुठे पडले, कुठे हलवताना फुटले. आईचा हात आता एवढा एकच उरला होता. मी हट्टाला पेटले. म्हटलं, तडा बुजवते, हात राहू दे.

मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "मुली विचारतात, बाईंचा हात कुणी मोडला होता का? काय सांगू त्यांना?"

त्या बाईंनी जन्मभर लोकांची बोलणी खाल्ली होती. निदान हात तरी त्यांना त्यांचा मिळायला हवा होता.

घरी येऊन हाताला तेल चोळलं आणि प्लास्टरमध्ये माझाच हात धरून बसले. पाढे म्हणायला कुणी नव्हतं, मीच म्हटले. दूध मात्र उतू गेलं.

नवा हात बसला. फोटोशी ताडून बघत मुख्याध्यापिका खूश झाल्या. जुना मी टॉवेलात गुंडाळला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळाने टॉवेलात हात घातला आणि ती करंगळी मुठीत धरली. घर येईपर्यंत सोडली नाही.