कावळ्याची मंजुरी

गहिनीनाथ झेडपीचा मेंबर झाला तेव्हा गावानं त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. त्याच्या मायनं, केसरबाईनं, मात्र एकच गोष्ट मागितली. "मोठेपना तुला लखलाभ. पन यंदा पाऊस न्हाई, चारा न्हाई. गावाला छावनी आन. माझी बैलजोडी कापायला गेली तर मेल्यावरबी तुला माफ करनार न्हाई, बघ."

छावणी म्हणजे दुष्काळात सरकारी पैशावर सहकारी संस्थेनं चालवलेली जनावरांची खानावळ. कागदावर ती सरकार द्यायचं, खरी मिळायची ती सुंदरराव आबांच्या ओसरीवर. आबांना झेडपीचं अध्यक्ष व्हायचं होतं. "गहिन्या, तुझं मत मला, माझी छावनी तुला," आबा म्हणाले. झालं, गडी पाघळला.

मग रिवाजाप्रमाणे मेंबरांची सहल निघाली. सहल कसली डोंबलाची! कोंबड्या डालतात तसं साऱ्यांना महाबळेश्वरच्या हॉटेलात डालायचं, म्हणजे मतदानापर्यंत विरोधक पळवत नाहीत. मोबाईलही काढून घेतले, पिशवी आबांच्या उशाशी. गहिनीनाथ तिथं स्ट्रॉबेरी खात होता, आणि इकडं मायनं अंथरूण धरलं होतं.

आबा एका मताच्या फरकानं निवडून आले. गुलाल उधळून झाल्यावर त्यांनी गहिनीनाथच्या पाठीवर हात ठेवला. "लेकरा, आत्ताच फोन आलता. माय गेली तुझी."

तो घरी पोचला तर चितेची राख गार झालेली. अग्नी पुतण्यानं दिला होता. तरी त्या येड्याच्या डोक्यात आलं नाही की, फोन मग 'आत्ताच' कसा आला? बहीण मालननं त्याला बघून पाठ फिरवली.

दहाव्याला कोरड्या नदीच्या पात्रात पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसला तो बसलाच. मालनला अंतर देणार नाही, पुतण्याला शिकवीन, गहिनीनाथनं सगळं कबूल केलं. कावळा ढिम्म. "म्हातारीचा जीव बैलांत आडकलाय," कुणीतरी म्हणालं.

तशी मालन उसळली. "बैलांत न्हाई! माय जित्ती असताना मी फोन केलता. आबांनी उचलला. म्हनले, लगेच धाडतो. माय दाराकडं बघत बघत गेली रे, गहिन्या!"

गहिनीनाथचं मस्तक फिरलं. तेवढ्यात धुरळा उडवत आबांच्या गाड्या आल्या. त्यांची गचांडी धरायची आणि साऱ्या गावादेखत जाब विचारायचा, म्हणून तो पुढं झाला. पण आबांनी चपला काढून पिंडापुढं हात जोडलेही होते. "केसरमाय, छावनी तुझ्याच गावाला! शब्द हाय आपला."

आणि कावळा उतरला. पिंडाला चोच मारली.

गावानं आबांचा जयजयकार केला. बाया रडल्या, म्हातारे पाया पडायला धावले. गहिनीनाथला वाटलं, आत्ता तोंड उघडलं तर छावणी जाईल, बैल जातील, मायचा जीव पुन्हा अडकेल. तो वाकला आणि आबांच्या पायाला हात लावला. मालन तिथूनच माघारी गेली.

छावणी आबांच्या भाच्याच्या दूध संस्थेला मिळाली, पार तिकडं आष्टीच्या अंगाला. गहिनीनाथ आबांच्या ओसरीवर जाऊन ढसाढसा रडला. आबा निवांत सुपारी कातरत होते.

"कशापायी रडतो रं? छावनी तुझ्या मायला पायजे हुती. तिला पोचली की! कावळ्यानं मंजूर केली, साऱ्या गावानं बघितलं. आता तू कोन मधी बोलनारा?"

पुढच्या बाजारात दलालानं मायच्या बैलांचे दात बघितले आणि कासरे हातात घेतले. दहाव्याला भादरलेल्या गहिनीनाथच्या डोक्यावर अजून केसही आले नव्हते.