एक टप्पा मोकळा

निवृत्त झाल्यावर फोल्कमार, म्हणजे माझा नवरा, थोडा निवांत बसेल असं मला वाटलं होतं. उभा जन्म बस चालवली त्यानं. पण आमच्या खेळण्यातल्या छोट्या रेल्वेच्या हौशी मंडळानं गाड्या संगणकावर चालवायचं ठरवलं आणि वेळापत्रकाचं लोढणं त्याच्याच गळ्यात पडलं.

स्टेशनमागच्या जुन्या मालगोदामात आमचे रूळ मांडलेले आहेत. रुळांचे आठ टप्पे. एका टप्प्यात एकच गाडी, आणि पुढचा मोकळा झाल्याशिवाय मागची हलत नाही. सभासदही आठ, आणि प्रत्येकाला आपली गाडी पळायलाच हवी. फोल्कमार महिनोन्‌महिने मार्ग बदलत राहिला. गाड्या अडायच्या त्या अडायच्याच.

शेवटी तो बैठकीत म्हणाला, "सगळेच टप्पे भरले तर कुणीच हलणार नाही. एक गाडी काढावी लागेल."

"मग तुझी काढ की!" मंडळातला डेटलेफ म्हणाला. सगळे हसले.

फोल्कमारनं खरंच स्वतःची निळी गाडी उचलून खोक्यात ठेवली. मग मात्र सगळं सुरळीत चालायला लागलं.

नाताळाआधीच्या शनिवारी प्रदर्शन होतं. गोदाम माणसांनी भरून गेलं. मी केक विकत होते. गाड्या थोडा वेळ छान पळाल्या, मग एकेक करत सगळ्या थांबल्या.

"आजोबा, गाड्या दमल्या का?" एका चिमुरडीनं विचारलं.

फोल्कमार वाकून पाहतो तो काय, मोकळ्या टप्प्यात डेटलेफचं नवंकोरं वाफेचं इंजिन उभं!

"जागा रिकामी होती, म्हटलं लोकांना दिसेल तरी," डेटलेफ म्हणाला. "आता बघत काय बसलायस? कर काहीतरी!"

मला वाटलं, आता हा फाडून खाणार त्याला. पण त्यानं चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाला, "तूच कर."

तो माझ्याजवळ येऊन खुर्चीत बसला. मी खसखशीच्या केकचा तुकडा पुढे केला. तो घेऊन त्यानं खुर्चीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. इतकं थकलेलं मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं, आणि रोज समोर असून मला ते कळलं नव्हतं.

तिकडे डेटलेफनं आपलं इंजिन उचललं. पण घाईत दोन गाड्याही हातानं पुढे ढकलल्या, त्यामुळे संगणकाचा पुरता गोंधळ उडाला. अखेर तो घामाघूम होऊन आला. "अरे बाबा, सांग ना काय करायचं ते!"

"सगळ्या गाड्या आपापल्या सुरुवातीच्या जागी ठेव. मग सुरू कर."

"तू येत नाहीस?"

"केक खातोय."

तिकडून टाळ्या ऐकू आल्या, तरी फोल्कमार उठला नाही. निघताना त्यानं गोदामाची किल्ली डेटलेफच्या हातात ठेवली.

"पुढच्या शनिवारी गाड्यांचं कोण बघणार?" डेटलेफनं विचारलं.

"तुम्ही सातजण आहात," तो म्हणाला आणि माझा हात धरून चालू लागला.

रविवारी डेटलेफचे सकाळपासून फोन येत होते. फोल्कमार झोपला होता. मी त्याला उठवलं नाही.