आंबिलीचा डेरा कुणाला विचारून धुतला?

मित्रांनो, सुरुवातीलाच बजावून सांगतो, मी दारूचं भांडं नाही. मी आंबिलीचा एक जुना डेरा आहे, चुडाव्याच्या गोजरबाईच्या घरचा, आणि मला भलत्या नावाने ओळखलेलं अजिबात खपत नाही. मध्यंतरी माझा फोटो मोबाईलवर फिरायला लागला. त्याखाली लिहिलं होतं, 'आमच्याकडची गावठी बिअर'. तो तुमच्या पाहण्यात आला असेल तर आधी डोक्यातून काढून टाका. खरं काय घडलं ते मी सांगतो. रागात सांगणार आहे, पण खोटं सांगणार नाही.

माझा जन्म लातूरकडच्या एका कुंभाराच्या भट्टीत झाला. अंगाने मी बेताचा, दीड घागर पाणी मावेल एवढा, पण भाजणी पक्की. गोजरबाईच्या आईने भर बाजारात मला टिचक्या मारून पारखलं आणि कडेवर घेऊन घरी आणलं. तिच्या जुन्या डेऱ्याला तडा गेला होता. त्या डेऱ्यातली वाटीभर आंबील तिने पहिल्याच दिवशी माझ्यात ओतली. ती तिला तिच्या सासूकडून मिळाली होती. त्याआधी कुणाची होती, ते मलाही माहीत नाही.

आंबील तुमच्यापैकी काहींनी चाखलीही नसेल, म्हणून सांगतो. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवायचं, गार करायचं, त्यात ताक घालून माझ्यात ओतायचं आणि तोंडाला फडकं बांधून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ती आंबट होते. पेल्यात घेताना मीठ आणि ठेचलेला लसूण घालायचा. उन्हातान्हातून आलेल्या माणसाचा जीव एका पेल्यात थंड होतो. आणि ती आंबट होते ती काही आपोआप नाही. आधीची वाटीभर आंबील तिला आंबवते, आणि माझ्या मातीत मुरलेला आंबटपणा तिला चव देतो. एवढं माझं काम. ते मी चाळीस-बेचाळीस वर्षं चोख केलं.

गोजरबाईची थोरली बहीण मनकर्णा. तिला परभणीला दिली, तेव्हा आईने तिच्याबरोबर पितळेची भांडी पाठवली. धाकटी गोजरबाई चुडाव्याला नांदायला निघाली, तेव्हा तिला मी मिळालो. आगगाडीत ती मला मांडीवर घेऊन बसली होती. परळीला गाडी बदलायची होती, तिथेही तिने मला दुसऱ्याच्या हातात दिलं नाही.

चुडाव्याला आल्यावर तिने मला कधी साबण लावला नाही. राख नाही की घासणी नाही. वाटीभर आंबील बाजूला काढायची, मला गार पाण्याने विसळायची, सावलीत वाळवायची आणि ती वाटी पुन्हा माझ्यात ओतायची. सून राजेश्री नवी नवी घरात आली, तेव्हा एकदा साबणाची वडी घेऊन माझ्याजवळ बसली. बिचारीचा हेतू चांगलाच होता. गोजरबाईने धावत येऊन तिचा हात धरला.

"त्येला न्हाई लावायचं, बाई," ती म्हणाली. "त्येच्या अंगात माजी माय हाय."

त्यानंतर राजेश्रीने मला कधी घासलं नाही.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते. गोजरबाईच्या माहेराकडे हा मोठा सण. शेतात कडब्याची कोप उभारतात, पूजा करतात, भज्जी-भाकरी आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवतात. चुडाव्यात सगळे काही ती करत नाहीत, पण गोजरबाईने सोडली नाही. त्या दिवशी मी तिच्या डोक्यावर बसून शेतात जातो. आधी आंबील पिकाला शिंपडायची, मग माणसांनी प्यायची. आता निम्मी आळी तिच्या बांधावर पेले घेऊन येते.

असं माझं सुखाचं चाललं होतं. मग योगीराज आला.

योगीराज म्हणजे मनकर्णेचा मुलगा. पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. मनकर्णा जाऊन सहा वर्षं झाली, तरी दिवाळीला तो मावशीकडे न चुकता येतो. मुलगा प्रेमळ आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्याला एक नाद आहे. प्रवासाला निघालं की लोक देवळं पाहतात, किल्ले पाहतात. हा बिअर बनवणारे छोटे छोटे कारखाने पाहत हिंडतो. तिथे लाकडी तबकात चार-पाच चिमुकले ग्लास मांडून आणतात. हा एकेक ग्लास उजेडाकडे धरतो, हुंगतो, घोटभर घेतो, डोळे मिटतो आणि मोबाईलमध्ये लिहितो, 'कैरीचा आंबटपणा', 'भाजक्या धान्याचा वास'. मग पाचांपैकी तारे देतो. मित्रांनो, ते पेय मोठ्या माणसांचं आहे, तुमचं नाही, आणि त्याच्या बऱ्यावाईटात मी पडत नाही. माझी तक्रार निराळी आहे.

त्या दिवाळीला त्याने बऱ्याच वर्षांनी माझ्यातली आंबील घेतली. एक घोट घेतला. डोळे पाणावले.

"मावशी, ही तर आईच्या हातची चव हाय," तो म्हणाला.

असणारच. मनकर्णा चुडाव्याला आली की जाताना तांब्याभर आंबील विरजणाला घेऊन जायची. गोजरबाईलाही भरून आलं. मीही क्षणभर हळवा झालो. तेवढ्यात या पठ्ठ्याने मोबाईल काढला आणि आंबिलीला साडेचार तारे दिले. साडेचार! चार पिढ्यांच्या आंबिलीला! उरलेला अर्धा तारा कशाबद्दल कापला, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

ही चव आपल्या ओळखीच्या बिअर बनवणाऱ्यांना दाखवायचीच, असं त्याच्या मनाने घेतलं. आधी त्याने प्लॅस्टिकची बाटली भरून, बूच घट्ट लावून गाडीत ठेवली. वाटेतला झिरो फाटा येईपर्यंत आतला वायू फुगला, बूच उडालं आणि सगळी आंबील त्याच्या नव्या सदऱ्यावर. तसाच थबथबलेला तो परत आला.

"मावशी, बाटलीत ती ऱ्हात न्हाई. डेराच दे. येळवशीच्या आत आणून देतो, तुझी शपथ."

गोजरबाईने माझ्या काठावरून हात फिरवला. राजेश्री मानेनेच नको म्हणत होती.

"अक्काचं लेकरू मागायलंय," गोजरबाई शेवटी म्हणाली. "न्हाई कसं म्हनू?"

वाटीभर आंबील घरी काढून ठेवावी, हे तिला सुचलं नाही. डेराच परत येणार म्हटल्यावर कुणाला सुचेल? तिने मला काठोकाठ भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. योगीराजने मला पट्टा बांधला. जन्मात पहिल्यांदा मला कुणी बांधून ठेवलं.

पुढचा दीड महिना सुट्टी मिळेल तसा तो मला हिंडवत राहिला. पहिला कारखाना पुण्याबाहेरचा. घराएवढ्या उंच स्टीलच्या टाक्या, आणि त्यांची देखरेख करणारी संघप्रिया नावाची तरुण बाई. ती चुडाव्याशेजारच्या पूर्ण्याचीच निघाली, वडील रेल्वेत होते. तिने माझं फडकं सोडलं, वास घेतला, घोटभर चाखली आणि माझ्या पोटावरून हात फिरवला.

"दादा, ही लय जुनी हाय. मी वाटीभर ठिवून घिऊ का?"

योगीराज म्हणाला, घे. तिने ती काचेच्या बरणीत ओतली आणि वर चिमूटभर ज्वारीचं पीठ घातलं. मग ती त्याला म्हणाली, "हा डेरा कुनाला धुवू देऊ नका बरं का."

योगीराजने मान हलवली, पण लक्ष समोरच्या चार ग्लासांत होतं. मला मात्र त्या बाईचाच संताप आला. गोजरबाईला न विचारता तिच्या आईची आंबील काढून घेतली, ही चोरी नव्हे तर काय, असं मला वाटलं. हे लक्षात ठेवा, पुढे मला ते गिळावं लागणार आहे.

दुसरा कारखाना कोल्हापूरच्या रस्त्यावर होता. तिथे माझी आंबील उंच दांडीच्या ग्लासांत ओतली. लसूण नाही, मीठ नाही. दहा माणसं भोवती उभी राहिली, इंग्रजीत काहीबाही बोलली, आणि तिथेच तो फोटो निघाला. 'गावठी बिअर' हे नाव योगीराजनेच घातलं, स्वतःच्या हाताने! जी आंबील आधी शेताला आणि देवाला जाते, तिचं हे बारसं. मला तोंड होतं, पण त्याला फडकं बांधलेलं होतं.

तिसरा कारखाना गोव्यातला. तोवर मी रिकामा झालो होतो, तळाशी वाटीभर तेवढी उरली होती. सहल संपत आली आणि योगीराजला आठवलं, की मागून आणलेलं भांडं घाणेरडं परत करू नये, रिकामंही परत करू नये. त्याच्या आईनेच शिकवलेलं. आणि छोटे कारखाने हिंडून तो दुसरंही एक शिकला होता, की तिथे पहिलं काम स्वच्छतेचं. नळ्या, टाक्या, ग्लास, सगळं औषधाच्या पाण्याने धुतात, नाहीतर बिअर नासते. दोन्ही शिकवणी चांगल्याच. पण एकत्र येऊन पडल्या माझ्या अंगावर.

त्याने तळची वाटीभर आंबील मोरीत ओतली. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. मग कढत पाणी, त्यात ते औषध, आणि तारेची घासणी. चार पिढ्यांच्या हातांनी जपलेलं, माझ्यात मुरलेलं एका घटकेत त्याने खरवडून काढलं, आणि तोंडाने गाणं गुणगुणत होता! तो मला घासत होता तो प्रेमानेच, हे मला कळत होतं. पण म्हणून दुखायचं थोडंच राहतं? शेवटी त्याने मला उन्हात वाळवलं आणि काजूंनी भरलं.

येळवशीला आठ दिवस राहिले असताना आम्ही चुडाव्याला पोचलो. गोजरबाईने काजू परातीत ओतले. माझ्यात हात घातला. मग तोंड घातलं आणि वास घेतला.

"ह्येला धुतलंय," ती म्हणाली.

"असंतसं न्हाई मावशी," योगीराज कौतुकाने म्हणाला, "कारखान्यातल्या औषधानं धुतलंय. एक जंतू ठिवला न्हाई."

गोजरबाई खाली बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने नुसतं विचारलं, "योग्या, माजी आंबील पिऊन तुला आई आठवली व्हती ना रे? तिलाच धुऊन टाकलंस बग."

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि खरं सांगतो, मला त्याची दया आली नाही.

गोजरबाईने हात टेकले नाहीत. तिने माझ्यात नवी आंबील घातली, शेजारचं ताक घातलं, मला घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवलं. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर ओल्या पोत्यासारखा वास. तिने ती आंबील गुरांना दिली आणि पदराने माझं तोंड पुसलं. माझ्या हातून तिचं काम झालं नाही, अशी ही पहिलीच वेळ. ज्याचा दोष होता तो ओट्यावर डोकं धरून बसला होता, आणि लाज मला वाटत होती. हा कुठला न्याय?

अचानक योगीराज उठला आणि त्याने पुण्याला फोन लावला. "संघप्रिया, ती वाटीभर आंबील हाय का गं अजून?"

दोन दिवसांनी संघप्रिया चुडाव्याच्या स्टेशनवर उतरली. हातात बाटली होती, बूच सैल ठेवलेलं. तिला बाटलीची रीत माहीत होती. रोज चिमूटभर पीठ घालून तिने त्या वाटीची बाटलीभर आंबील केली होती.

राजेश्री दारातच अडखळली. "आत्याबाई, दारूच्या कारखान्यातलं हाय. येळवशीला देवाफुडं कसं ठिवायचं?"

संघप्रियाने उंबऱ्याबाहेरच बाटलीचं बूच काढलं. या एका बाटलीत नसेल, तर गोजरबाईच्या आईची आंबील आता जगात कुठेच नव्हती.

गोजरबाईने तळहात पुढे केला. संघप्रियाने त्यावर थोडी आंबील ओतली. गोजरबाईने ती चाटली आणि हात तसाच तोंडाशी धरला.

"माय हाय," ती म्हणाली. "माजी माय हाय ही. लेकरा, कुटं सांभाळलीस गं हिला?"

मित्रांनो, जिला मी चोर म्हटलं, तिनेच मला माझा जीव परत आणून दिला. माझा शब्द मी गिळला.

गोजरबाईने अर्धीच बाटली माझ्यात रिकामी केली. उरलेली बूच सैल लावून संघप्रियाच्या हातात परत दिली.

"ही तुज्याकडंच असू दे," ती म्हणाली. "आमची मान्सं धुनारी हायती."

येळवशीला तिने मला स्वतःच्या डोक्यावर घेतलं नाही. चुंबळ योगीराजच्या डोक्यावर ठेवली, वर मला ठेवलं, आणि त्याला अनवाणी हरभऱ्यातून चालवलं. आंबील अजून थोडी कोवळी होती, पण ओळखीची होती. आधी पिकाला शिंपडली, मग सगळे प्यायले. योगीराजने सवयीने खिशातून मोबाईल काढला.

"किती तारे देतूस?" गोजरबाईने विचारलं.

त्याने मोबाईल परत खिशात ठेवला.

माझा राग गेला का? नाही. तो फोटो अजून फिरतोच आहे. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, कुणाचं जुनं भांडं मागून आणलंत, तर त्याला पाणी लावण्याआधी मालकिणीला विचारा. तुम्हाला जी घाण दिसते, ती तिची आई असू शकते. आणि मला न्यायला पुन्हा कुणी आलंच, तर आता गोजरबाई आधी वाटीभर आंबील काढून ठेवते. योगीराज आला, तर दोन वाट्या.