बकहॉर्न ओढ्याचं नाव

लोरीनाच्या अंगणातच तिच्या पोरांचा बँड जन्मला. बारा वर्षं पोरांनी केंटकीतल्या जत्राजत्रांत गिटारी बडवल्या आणि तिने त्यांना बिस्किटं-ग्रेव्ही, म्हणजे मऊ पाव आणि दाट रस्सा, खाऊ घातली. आता नॅशव्हिल शहरातली कंपनी रेकॉर्ड काढणार, तसा थोरला क्लेटन गाडीत सामान भरताना म्हणाला, "आई, ओपल येणार नाही. तिचं फिडल शहरात जुनाट वाटतं म्हणे."

धाकटी ओपल ते व्हायोलिन आणि गज हातात धरून पायरीवर उभी होती.

"लोक नाचायला उठतात ते तिच्या गजावर!" लोरीना कडाडली. "तुझ्या गिटारीवर फक्त कोंबड्या उठतात, त्याही पळून जायला."

"धंदा आहे हा, आई."

लोरीनाने कोठारातला लाल रंग आणला आणि गाडीवरचं 'बकहॉर्न बँड' हे नाव चार फटकाऱ्यांत बुजवून टाकलं.

"अगं, याच नावावर करार झालाय!"

"नाव आपल्या ओढ्याचं आहे. ओढा इथंच राहतो, ओपलसारखा. तुझ्या शहरात एखादं गटार असेल, त्याचं लाव."

क्लेटनने दार आपटून गाडी काढली. लोरीनाने मागून ब्रश भिरकावला.

"वाजव गं," ती ओपलला म्हणाली. "वळणापर्यंत ऐकू जाऊ दे त्याला."