मागच्या मसुद्यावरून

मंत्र्यांच्या बैठकीला चाळीस मिनिटं उरली होती आणि खात्याचे मसुदे लिहिणाऱ्या ‘मसुदाताई’च्या तोंडचं पाणी पळालं होतं. पान चार, कलम दोन : ‘वय वर्षे साठपर्यंतच्या रुग्णांना’. हे साठ आलं कुठून?

आलं होतं तिच्याच हातून. त्या खात्यात कोऱ्या कागदावर धोरण लिहायची पद्धतच नव्हती. मागच्या धोरणाची प्रत काढायची आणि नाव बदलायचं. मागचं धोरण होतं कामगारांच्या चष्म्यांचं. तिने चष्म्याच्या जागी डायलिसिस घातलं, कारखान्याच्या जागी गावोगावचं छोटं रुग्णालय घातलं, आणि निवृत्तीचं साठ तेवढं राहून गेलं. चार टेबलांवर सह्या झाल्या, एकाच्याही डोळ्यांत ते खुपलं नाही. सवयीच्या वाक्याकडे बघतो कोण!

तिचे वडील एकसष्ट वर्षांचे होते. रक्त शुद्ध करून घ्यायला आठवड्यातून तीनदा, जाऊन-येऊन पाच तासांचा प्रवास. हल्ली ते कंटाळून एखादी पाळी चुकवायला लागले होते. गावातच यंत्र आलं तर ते जगणार होते, इतकी साधी गोष्ट होती.

ती सचिवांकडे धावली. त्यांना पाठीमागे सगळे ‘खिडकीवाले’ म्हणत. प्रशिक्षणात ते दरवर्षी तेच शिकवत : समस्या, उपाय आणि राजकारण आपापल्या वाटेने चालतात, क्वचित तिघांची गाठ पडते, तेव्हा खिडकी उघडते. तेवढ्यात शिरलात तर धोरण, नाहीतर नुसती फाइल.

“खिडकी आज उघडी आहे,” ते म्हणाले. “परवा सभागृहात डायलिसिसवरून मंत्रीसाहेबांना चांगलंच धारेवर धरलंय. आठवड्याने दुसरं काहीतरी पेटेल. आता फाइल मागे घेतली तर गेली म्हणून समजा.”

“पण सर, ते साठ चुकून पडलंय.”

“पडू दे. धोरण तुकड्यातुकड्यानेच पुढे जातं. पुढच्या वर्षी दुरुस्ती करू.”

पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षीचा मसुदा ह्याच मसुद्यावरून निघणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

बैठकीत पान चार आलं तशी ती उभी राहिली. सचिवांनी डोळे वटारले.

“साहेब, इथे चूक आहे. माझीच आहे. वयाची अट चष्म्यांच्या धोरणातून आलीय. आणि माझे वडील एकसष्टचे आहेत, तेही आत्ताच सांगते. नंतर कुणी उकरून काढायला नको.”

मंत्र्यांनी पेनाचं टोपण काढलं. “मग खोडतो. त्यात काय एवढं?”

तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच नियोजन अधिकारी खाकरले. “खोडा, साहेब. पण यंत्रं आहेत तेवढीच आहेत, नवी यायला दोन वर्षं लागतील. साठीपुढचे घेतले तर पेशंट दीडपट होतील. मग मसुद्यातलं ‘तीनदा’ काढून ‘आठवड्यातून दोनदा’ लिहावं लागेल.”

“दोनदा चालतं का?” मंत्र्यांनी विचारलं.

खोलीत डॉक्टर एकही नव्हता. सगळे तिच्याकडे बघू लागले. एक पाळी चुकली की बाबांचे पाय कसे सुजतात, आडवं होता येत नाही म्हणून ते कसे बसून राहतात, हे तिथे तिलाच तेवढं ठाऊक होतं. ‘चालतं’ म्हटलं असतं तर कुणी शंकाही घेतली नसती.

तिला रडू येत होतं, आणि त्या नियोजनवाल्याचा संतापही. पण तो काही खोटं बोलत नव्हता.

“नाही चालत, साहेब.”

“मग?” पेन कागदावर टेकलेलंच होतं. “मला सभागृहात जायचंय. काय करू, बोला.”

“साठच राहू द्या.”

मंत्र्यांनी सही केली. सचिव तिच्याकडे न बघता कागद गोळा करू लागले.

व्हरांड्यात आली तर बाबांचा फोन. “झालं का गं पास?”

“झालं, बाबा.”

“शाब्बास! मग मी काय म्हणतो, आता इथेच होणार आहे, तर उद्या एवढ्या लांब नाही गेलो तर चालेल ना?”

“जायचं, बाबा,” ती म्हणाली. “उद्याही जायचं. मी येते सोबत.”